कुबुंटू २४.०४ वर प्लाझ्मा ६ टाकताना पॅकेजेसचा घोळ झालाय, फॉर्मॅट मारू का?

नका मारू. तुम्ही लिहिलंय की कुबुंटूवर (केडीई डेस्कटॉपवालं उबुंटू लिनक्स) प्लाझ्मा ६, म्हणजे त्या डेस्कटॉपची नवी आवृत्ती, घ्यायला निऑनची रिपॉझिटरी (केडीईवाल्यांच्याच दुसऱ्या लिनक्सचं पॅकेज-भांडार) जोडली, अपग्रेड मध्येच अडकलं, आता 'हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' येतंय आणि जो तो फॉर्मॅट म्हणतोय. आमच्या घरातही हाच सल्ला मिळाला होता, म्हणून लिहितोय.

नागपूरच्या महाल भागात माझ्या दादाचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. ऐन लग्नसराईत एका मेकॅनिकनं 'नवीन लूक देतो' म्हणत त्याच्या कुबुंटूवर हीच निऑनची रिपॉझिटरी टाकली. रीस्टार्ट केलं तर काळा पडदा. मेकॅनिक फोन उचलेना. भाऊजी म्हणाले, "फॉर्मॅट मार, अर्ध्या तासाचं काम. होम वेगळं आहे ना, मग काहून घाबरतो?" भाऊजींचं रिपेरिंगचं दुकान होतं, त्यामुळे या विषयात घरात त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही. मी बोललो.

होम, म्हणजे आपल्या फाइलींचं फोल्डर, वेगळ्या पार्टिशनवर असलं की फाइली वाचतात, कबूल. पण प्रिंटरची सगळी मांडणी ईटीसीत (सिस्टिमच्या सेटिंग्जचं फोल्डर) असते, छपाई सांभाळणाऱ्या कप्सच्या फोल्डरमध्ये. दादानं जाड कार्डाला एक, पातळ कागदाला दुसरी अशा छपाईच्या रांगा लावल्या होत्या, कुंकवाचा लाल विटकरी उमटू नये म्हणून किती कागद वाया घालवले होते. ते त्या अर्ध्या तासात कोण परत लावणार होतं?

रात्री कूलर लावून बसलो. कंट्रोल-ऑल्ट-एफ ३ दाबलं, लॉगिन आलं. म्हणजे मशीन ठणठणीत, फक्त डेस्कटॉप पडलेला. पॅकेजेस बसवणारं डीपीकेजी एकच ओळ परत परत दाखवत होतं: 'ट्राइंग टू ओव्हरराइट', मग एका फाइलचा पत्ता, मग 'विच इज ऑल्सो इन पॅकेज' आणि दुसऱ्याच पॅकेजचं नाव. एकाच सातबाऱ्यावर दोघांनी हक्क सांगावा तसं. ही ओळ न वाचता फॉर्मॅट सुचवणाऱ्याला मी जाणकार मानत नाही.

भांडण होणारच होतं. प्लाझ्मा ६ आलं २८ फेब्रुवारी २०२४ ला, तेव्हा २४.०४ मध्ये नवीन काही घ्यायची वेळ संपतच आली होती, म्हणून त्यात प्लाझ्मा ५.२७ राहिलं. त्यातलं क्यूटी (प्लाझ्मा ज्यावर उभं असतं ती लायब्ररी) ६.४, आणि प्लाझ्मा ६ ला निदान ६.६ लागतं. निऑन स्वतःचं क्यूटी घेऊन येतं, फाइलींची वाटणीही त्याची वेगळी.

नुसती रिपॉझिटरी काढून भागत नाही, कारण एपीटी (पॅकेजेस आणणारं, बदलणारं साधन) आपणहून खालच्या आवृत्तीवर येत नाही. पीपीए-पर्ज इथे चालत नाही, ते फक्त पीपीएसाठी, म्हणजे लॉन्चपॅडवरच्या जोड-रिपॉझिटरींसाठी. मी निऑनची नोंद काढली, एपीटीच्या प्रेफरन्सेसमध्ये उबुंटूच्या पॅकेजेसना १००१ ची पिन, म्हणजे प्राधान्याचा आकडा, दिली (हजाराच्या वर गेलं की एपीटी मागे यायला तयार होतं), अपडेट केलं, मग फिक्स-ब्रोकन आणि फुल-अपग्रेड. वाय दाबण्याआधी काढायची यादी पूर्ण वाचा. शेवटी कुबुंटू-डेस्कटॉप परत इन्स्टॉल केलं. सकाळी दुकान उघडलं तेव्हा पत्रिका छापून निघत होत्या, लाल तोच. भाऊजी अजून म्हणतात, एवढं जागण्यापेक्षा फॉर्मॅट बरं. भाऊजी, प्रिंटर तुम्ही लावून दिला असता का?

प्लाझ्मा ६ च पाहिजे असेल तर ते कुबुंटूत २४.१० पासून आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६.३ मिळतं. २४.०४ वर ओढून ताणून बसवू नका. व्हिडिओत 'फोर्स-ओव्हरराइट' सांगतात, त्यानं ओळ गप्प होते, घोळ तसाच राहतो.

आणि हो, सुरू करण्याआधी होमसोबत ईटीसीचीही कॉपी पेनड्राइव्हवर घ्या. डिस्कच खराब असेल तर यातलं काहीच लागू नाही. काम झालं की पिनची फाइल आठवणीनं काढा, नाहीतर तुम्ही मुद्दाम घेतलेली दुसऱ्या पीपीएची नवी पॅकेजेसही एपीटी मागे ओढेल.