धायरीचा फ्लॅट तारण ठेवून ॲमस्टरडॅम?

प्रश्न थोडक्यात: वय 26, बाणेरच्या डिजिटल एजन्सीत नोकरी, महिन्याला हातात 52,000. ॲमस्टरडॅम विद्यापीठात कम्युनिकेशन सायन्सच्या एक वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश मिळालाय. सगळा खर्च 36 लाख, साठवलेले 6 लाख. बाबा दीड वर्षात निवृत्त होतील. धायरीचा फ्लॅट गेल्याच वर्षी कर्जमुक्त झाला. तो तारण ठेवून 30 लाख काढावेत, की पुण्यातच मास्टर्स करावं?

तुम्ही हप्त्याचा हिशेब युरोतल्या पगारावर मांडलाय. मी तो पुण्याच्या पगारावर मांडून बघितला.

साडेदहा टक्क्यांनी 30 लाख घेतले आणि हप्ते दोन वर्षांनी सुरू झाले, तर तोवर जवळपास 6 लाख व्याज चढलेलं असेल. मग 36 लाखांवर दहा वर्षांचा हप्ता येतो साधारण 48,500. परत आल्यावर 80,000 मिळतील असा तुमचाच अंदाज आहे. त्यातून हा हप्ता गेला की उरतं काय? आणि तो चुकला तर आई-बाबांच्या डोक्यावरचं छप्परच पणाला लागतं.

तिकडेच नोकरी लागेल, हे शक्य आहे. पदवीनंतर नेदरलँड्समध्ये काम शोधायला वर्षभराचा परवाना मिळतो. पण तुमचं क्षेत्र सॉफ्टवेअरचं नाही. संवादाच्या नोकऱ्यांत डच भाषा येणं बऱ्याचदा अटच असते, आणि प्रश्नात तुम्ही डचचा उल्लेखही केलेला नाही. शिकताना काम करून खर्च काढू म्हणाल, तर भारतीय विद्यार्थ्यांना आठवड्याला 16 तासांचीच मुभा आहे (किंवा जून ते ऑगस्ट पूर्णवेळ), तीही मालकाने परवाना काढला तर. त्या कटकटीत पडायला बरेच मालक तयार नसतात.

पदवीबद्दल माझी तक्रार नाही. हा पत्रकारितेचा कोर्स नव्हे. सर्वेक्षण, प्रयोग, आशय-विश्लेषण, संख्याशास्त्र असा संशोधनाचा अभ्यास आहे. एजन्सीत कॉपी (जाहिरातीचा मजकूर) लिहिणाऱ्याला ग्राहक-संशोधनाकडे वळायचं असेल तर उपयोगाचाच. कॉपीच लिहीत राहायचं असेल तर 36 लाख कशाला?

पुण्याचा पर्याय वाटतो तितका फुकट नाही. विद्यापीठात फी किरकोळ, राहायला घर. पण पूर्णवेळ दोन वर्षं म्हणजे साडेबारा लाखांचा पगार बुडतो. तरी तो बुडतो तुमचा, घर जात नाही. रानडे इन्स्टिट्यूटची पत्रकारिता आणि विद्यापीठाचा मीडिया अँड कम्युनिकेशन विभाग यांतला फरक मात्र अभ्यासक्रम उघडून बघा.

माझं मत: यंदा फ्लॅट तारण ठेवून जाऊ नका. विनातारण कर्ज म्हणजे बाबा सुटले असंही नाही. सहकर्जदार तेच, आणि व्याज सहसा जास्त. परत आल्यावरच्या 80,000 पगाराच्या एक तृतीयांशात हप्ता बसेल एवढंच कर्ज झेपतं, म्हणजे तुमच्या बाबतीत 16 लाखांच्या आसपास. विद्यापीठाला प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का, ते लेखी विचारा; नाही म्हणाले तर पुन्हा अर्ज करा. वर्षभरात महिना 25,000 बाजूला पडले तर 3 लाख जमतील. ॲमस्टरडॅम मेरिट स्कॉलरशिप आणि जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती, दोन्हींच्या तारखा आजच लिहून ठेवा. त्यातून दरी भरली तर खुशाल जा, मी अडवणार नाही.

जायचं ठरलंच, तर कर्जाचा अर्ज बाबांची नोकरी चालू असतानाच करा. सहकर्जदाराचं उत्पन्न बँक बघतेच. कर्जाइतका टर्म इन्शुरन्स स्वतःच्या नावे काढा, या वयात हप्ता फार नसतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकर सवलत आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. तेव्हा ती हिशेबात धरण्याआधी कुठल्या प्रणालीत विवरणपत्र भरता, ते तपासा.