कोबीला शेणखत की रासायनिक? पहिल्या लागवडीसाठी

पहिल्याच वर्षी 'एक तर हे, नाहीतर ते' करू नका. शेणखत जमीन भुसभुशीत ठेवतं, पण त्यातला नत्र (नायट्रोजन) हळूहळू सुटतो. कोबीला पहिल्या सहा आठवड्यांत भरपूर नत्र लागतो. निव्वळ शेणखतावर गड्डा लहान राहतो तो म्हणूनच.

एकरी साधा हिशेब (माती परीक्षण असेल तर त्याप्रमाणे बदला):

- मशागतीच्या वेळी ८ टन शेणखत, पूर्ण कुजलेलं. कच्च्या शेणातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तण दोन्ही येतात.
- लागवडीला ४ गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट, १ गोणी पोटॅश, दीड गोणी युरिया.
- ३० दिवसांनी आणखी दीड गोणी युरिया. खोडापासून चार बोटं लांब, ओल असताना, आणि लगेच मातीआड.

नवे लोक चुकतात ते युरियातच. गड्डा भरायला लागल्यावर 'अजून थोडा' टाकला की गड्डे पोकळ राहतात, तडकतात, वर मावाही (रस शोषणारी कीड) वाढतो. पानं निळसर हिरवी असतील तर हात आखडा.

पूर्ण सेंद्रियच करायचं असेल तर आधी दोन गुंठ्यांवर करून बघा. निंबोळी पेंड, गांडूळखत जोडीला लागेलच. बोरॉन (सूक्ष्म अन्नद्रव्य), विद्राव्य (पाण्यात विरघळणारी) खतं वगैरे पुढच्या हंगामात.