मुलाचा मोबाइल बघावा, पण कुठवर?

"मॅडम, त्याच्या मोबाइलवर लक्ष ठेवायला एखादं चांगलं ॲप सांगा ना." आठवी-नववी-दहावीतल्या मुलांचे आईवडील समुपदेशनासाठी माझ्याकडे आले की हा प्रश्न बहुधा पहिल्याच भेटीत येतो. ॲपचं नाव सांगण्याआधी मी विचारते, तुम्ही बघताय हे त्याला माहीत असणार आहे का? उत्तर ठरलेलं: "छे! कळलं तर उपयोग काय?"

अशाच एका घरातली ही गोष्ट. मुलाला ओंकार म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दहावीचं वर्ष, चिडचिड, जेवणावरून उठून जाणं, आणि आईच्या फोनवरून परस्पर पाठवलेले पैसे. आधी पाचशे, मग दोन हजार. बँकेचा मेसेज आईने वाचला म्हणून कळलं. ऑनलाइन जुगार की गांजा, एवढंच आईवडिलांच्या डोक्यात होतं.

वडील सांगत होते, "व्हॉट्सॲप तर मी रोज बघतो. त्यात काहीच नाही." ओंकार अंघोळीला गेला असताना त्यांनी त्याचं व्हॉट्सॲप स्वतःच्या लॅपटॉपला जोडलं होतं. पिन माहीत होताच, कोड स्कॅन केला की काम झालं. रात्री जेवणं आटोपली की ते वाचत बसायचे. (एवढं नियमित वाचन त्यांनी दुसरं कधी केलं नसावं.) सापडायचं काय, तर शिव्या, सरांची नक्कल, क्लास बुडवून मिसळ खायला गेल्याचे फोटो. मग एके दिवशी ताटावर बसल्या बसल्या विचारलं, "काय रे, मिसळ तिखट होती का?"

मुलगा तिथे काही बोलला नाही. खोलीत जाऊन त्याने सेटिंग उघडलं. जोडलेल्या उपकरणांत बाबांचा लॅपटॉप दिसला. तो त्याने काढला नाही, तसाच राहू दिला. त्या दिवसापासून व्हॉट्सॲपवर फक्त गृहपाठ, बाकी सगळं इन्स्टाग्रामवर आणि गेमच्या चॅटमध्ये. पोरगा सुधारला म्हणून वडील खूश.

इन्स्टाग्रामवर एका 'मुलीशी' ओळख झाली, नको तसला व्हिडिओ कॉल झाला, तो पलीकडून रेकॉर्ड झाला. मग तुझ्या सगळ्या फॉलोअरना पाठवतो म्हणून धमक्या आणि पैशांची मागणी. मुलग्यांना अडकवायची ही नेहमीची रीत आहे. घरी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं तेव्हा ओंकार म्हणाला, "बाबांनी आधी मोबाइल काढून घेतला असता. मग ते लोक कुणाला काय पाठवतायत तेही मला कळलं नसतं." पंधरा वर्षांच्या मुलाच्या हिशेबाने यात चूक काढायला जागा नाही.

हे आईबाबांना सांगावं लागेल, हे मी त्याला तिथेच सांगितलं. अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यानेही बंधनकारक आहे. कसं सांगायचं ते त्याने ठरवलं: मी बोलायचं, त्याने शेजारी बसायचं. वडिलांचा पहिला प्रश्न, "पोलीस यालाच धरतील का?" नाही. 2012 चा पॉक्सो मुलग्यांनाही संरक्षण देतो. इथे गुन्हेगार धमकावणारा आहे. पुढचा पैसा बंद, कारण दिला की मागणी वाढतेच. चॅट पुसायचं नाही. स्क्रीनशॉट, प्रोफाइलची लिंक, पैसे गेलेला यूपीआय आयडी जपून ठेवायचा आणि मग ब्लॉक करायचं. पैशांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. शिवाय 'टेक इट डाउन' ही अठराखालच्या मुलांसाठीची मोफत सेवा आहे; तिथे व्हिडिओ पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि त्यावरून सहभागी कंपन्या तो शोधून काढून टाकतात.

हे सगळं मार्गी लागल्यावर वडील म्हणाले, "म्हणजे इन्स्टाही दिसणारं ॲप घ्यायला हवं होतं." मला हे पटत नाही. इन्स्टा दिसलं असतं तर पोरगं तिसरीकडे गेलं असतं. जे दिसत होतं ते मिसळीवरून टोमणा मारायला वापरलं, आणि गळ्याशी आलं तेव्हा मुलाला घरात सांगायला माणूस उरलं नाही.

दहा-अकरा वर्षांच्या मुलाचं वेगळं. तिथे फोन आईवडिलांचाच, शेजारी बसून बघावा. पंधराव्या वर्षी मी इन्स्टाग्रामच्या किशोर खात्यावरच्या देखरेखीपर्यंत जाते: गेल्या सात दिवसांत कुणाशी बोलणं झालं ते दिसतं, काय बोलणं झालं ते नाही. मुलाने हो म्हटल्याशिवाय ती सुरूही होत नाही. गूगलचं फॅमिली लिंकही वेळ, ॲप आणि ठिकाण दाखवतं, मेसेज नाही. पण जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, अनोळखी मोठा माणूस, पैसे जाणं, यातलं काही दिसलं तर मेसेज जरूर वाचावेत. मात्र मुलाला सांगून, त्याच्यासमोर.

ओंकारने देखरेखीला होकार दिला, एका अटीवर: त्यात दिसलेलं जेवताना काढायचं नाही. रात्री साडेदहानंतर तिघांचेही फोन हॉलमध्ये. वडिलांचा चेहरा यावर जरा उतरला. लोकेशनवर मात्र गाडी अडली. आईला दिवसभर हवं होतं, ओंकार अजिबात तयार नव्हता. शेवटी फक्त क्लासहून परतताना चालू ठेवायचं ठरलं, तेही बोर्डाची परीक्षा होईपर्यंत. पुढचं नंतर भांडू, असं ओंकारच म्हणाला.