‘अंकल’ म्हणजे काका, मामा की मोठे बाबा?

टोरोंटोहून एका आईचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

“माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. सासूबाई-सासरे नागपूरला, प्रतापनगरात राहतात. दर शनिवारी आम्ही व्हिडिओ कॉल लावतो. ‘बरा आहे, जेवलो, शाळा चांगली’ एवढं बोलून मुलगा दोन मिनिटांत पळतो. मराठी समजतं, पण बोलायचं म्हटलं की तोंड शिवल्यासारखं. तोच मुलगा गेममधल्या आणि कार्टूनमधल्या पात्रांबद्दल मित्रांशी तासन्‌तास बोलतो. सासरे म्हणतात, त्याचं ते यंत्र बंद करा, मग बोलेल. करू का बंद?”

ताई, नका करू. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, पण यंत्र बंद झाल्यावर तो बोलणार काय? ‘जेवलास का’ला ‘जेवलो’ याच्यापुढे उत्तर नाही. (माझ्या आईचं आणि माझं फोनवरचं बोलणंही बरीच वर्षं याच दोन शब्दांवर चाललं, आणि आम्ही दोघी तर एकाच गावात राहतो.) बोलायला आधी सांगण्यासारखं काही लागतं. तुमच्या मुलाजवळ ते ढीगभर आहे. त्याला ते मराठीत विचारणारं माणूस मात्र घरात नाही.

मी हे ऐकीव सांगत नाही. पन्नाशीला आले तरी मला ॲनिमेशनचं वेड आहे आणि माझा भाचा सिएटलला वाढतोय. आमच्याकडेही ‘बरा आहे, जेवलो’च चालायचं. दोन वर्षांपूर्वी त्याने ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ बघायला घेतलं. 2005 ते 2008 मध्ये आलेली, 61 भागांची मालिका. मी ती दोनदा बघितलेली. तेव्हा कॉलवर त्याला म्हटलं, आबाजींना झुकोची गोष्ट सांग. आबाजी म्हणजे माझे वडील. वय एक्याऐंशी, काटोलकडे संत्र्याची बाग, कार्टून म्हणजे उंदीर-मांजर एवढंच ठाऊक.

झुको हा राजपुत्र. बापाने त्याचा चेहरा जाळून त्याला हाकलून दिलेलं आणि मालिकेचा नायक जो अवतार, त्याला पकडून आणल्याशिवाय परत यायचं नाही अशी अट घातलेली. त्याच्यासोबत त्याचा ‘अंकल’ आयरो फिरतो, चहाचा शौकीन. भाच्याने सुरुवात केली, “झुकोचे बाबा त्याला जाळले.” माझी वहिनी ते वाक्य दुरुस्त करणार होती, मी खूण करून थांबवलं. आबाजी ताठ बसले. “बापानं जाळलं? सख्ख्या बापानं?” भाचा म्हणाला, “हो, बापाने जाळलं.” झाली दुरुस्ती. गोष्ट रंगात असताना व्याकरण काढलं की मूल पुढच्या वेळी गोष्टच काढत नाही. ऐकणाऱ्याने बरोबर वाक्य आपल्या उत्तरात परत म्हणावं, एवढंच.

खरी गंमत पुढे झाली. आबाजींनी विचारलं, “हा अंकल कोण? काका का मामा?” भाचा गप्प. इंग्रजीत त्याला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. आम्ही विचार करायला लागलो. आयरो हा झुकोच्या बापाचा भाऊ, म्हणजे मामा नाही. त्यातही थोरला भाऊ. आमच्या विदर्भात बापाच्या थोरल्या भावाला ‘मोठे बाबा’ म्हणतात. भाच्याने तो शब्द दोनदा उच्चारला आणि म्हणाला, “पण आत्या, मग स्टोरीच ही आहे ना? बाबा वाईट आहेत, आणि मोठे बाबा खरे बाबा आहेत.”

मी ती मालिका दोनदा बघितली होती, पण हे मला सुचलं नव्हतं. आयरोचा स्वतःचा मुलगा लढाईत गेलेला, पुतण्याला त्याने पोटच्या पोरासारखं धरलेलं, हे सगळं मूळ कथेत आहेच. आमच्या घरगुती शब्दाने ते दोन अक्षरी ‘बाबा’त आणून ठेवलं.

तर ताई, माझा सल्ला हा. कथेचा सारांश त्याला मागू नका, ते शाळेचं काम झालं. पात्रांचं नातं लावायला सांगा. कोण कोणाचं कोण? कोण कोणाला ‘तू’ म्हणेल, कोण ‘तुम्ही’? इंग्रजीत सगळे एकमेकांना ‘यू’. मराठीत पात्राच्या तोंडी एक वाक्य घालायचं तरी त्या दोघांमधलं अंतर मोजावं लागतं. आमच्या भाच्याने ठरवलं की झुको कितीही चिडला तरी मोठ्या बाबांना ‘तुम्ही’च म्हणणार. बापालाही ‘तुम्ही’, भीतीने. पण ग्रहणाच्या दिवशी तो बापासमोर उभा राहून ‘एका पोराशी लढलास, ते क्रूर होतं’ अशा अर्थाचं सुनावतो, तिथे भाच्याने ‘तुम्ही’चं ‘तू’ केलं. त्यावर त्याच्या बापाशी त्याचा अर्धा तास वाद झाला, की कितीही झालं तरी वडिलांना ‘तू’ म्हणावं का. वाद मराठीत झाला. वहिनी मला नंतर म्हणाली, घरात एवढा वेळ मराठी पहिल्यांदाच चाललं.

आता गेमकडे येते, कारण तुमच्या सासऱ्यांचा खरा राग तिथे दिसतो. सगळे गेम एका मापाने मोजू नका. पैसे भरून पेट्या उघडायच्या आणि त्यात काय निघतं ते बघायचं, अशा गेममध्ये गोष्ट नसते, जुगाराची सवय असते. तिथे लगाम घाला. मारधाडीच्या काही गेममध्ये गोष्ट फार ताकदीची असते, पण डबीवर सतरा वर्षांचा आकडा असेल तर बारा वर्षांच्या मुलाला तो नको.

पण ‘स्टारड्यू व्हॅली’सारखा गेम असेल तर सासऱ्यांनाच त्यात ओढा. 2016 चा हा गेम एकट्या माणसाने चार-साडेचार वर्षं खपून बनवला. सुरुवात मरणाला टेकलेल्या आजोबांच्या पत्राने होते: शहरातल्या जगण्याने जीव मेटाकुटीला आला की हे उघड. नातू नोकरी सोडून आजोबांच्या पडीक शेतावर येतो. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबांचा आत्मा येऊन बघून जातो, पोराने शेताचं काय केलं ते. पडीक वावर, दूर गेलेला नातू, म्हातारा वाट बघतोय. आमच्या काटोल-नरखेडकडे ही गोष्ट सांगायला जपानला की अमेरिकेला जायची गरज नाही.

त्या गेममध्ये संत्र्याचं झाड लावता येतं. भाच्याने मोठ्या उत्साहात आबाजींना स्क्रीन दाखवली: रोप लावलं, भोवतीच्या आठही चौकोनांत काही ठेवलं नाही, अठ्ठावीस दिवसांत झाड तयार, आता उन्हाळ्यात रोज एक संत्रं. आबाजी हसून हसून खोकायला लागले. “उन्हाळ्यात संत्रा? अन्‌ अठ्ठावीस दिवसांत? बाप्पा!” मग चाळीस मिनिटं आबाजींचा वर्ग भरला. जंबेरीच्या खुंटावर डोळा कसा बांधतात, कलम लावल्यावर फळ धरायला पाच-सहा वर्षं कशी जातात. आंबिया बहार म्हणजे काय, मृग बहार म्हणजे काय. बहार धरायचा तर आधी झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, मग पाणी सोडलं की फुलं फुटतात. भाच्याला ‘ताण’ हा शब्द माहीत होता, पण ‘मम्माला ऑफिसचा ताण आहे’ एवढाच. तो म्हणाला, “म्हणजे झाडाला पण ऑफिस असते?” आबाजींनी हा विनोद नंतर सगळ्या गावाला सांगितला. आणि भाच्याने गेम बनवणाऱ्याची चूक म्हणून ‘बहार नाही, ताण नाही’ अशी नोंद एका वहीत केली, देवनागरीत. ‘बहार’ला दोन काने होते. मी काही बोलले नाही.

तुम्ही टोरोंटोच्या आहात म्हणून एक खास सांगते. ‘वेन्बा’ नावाचा छोटा गेम आहे, 2023 चा, तुमच्याच शहरातल्या लोकांनी बनवलेला. ऐंशीच्या दशकात कॅनडात आलेलं तमिळ जोडपं, त्यांचा मुलगा, आणि आईच्या आईची फाटकी पाककृतींची वही. खेळणाऱ्याने पुसलेल्या ओळी अंदाजाने भरत इडली वगैरे करायची. मुलगा मोठा होत आईपासून आणि तिच्या भाषेपासून लांब जातो. दीड-दोन तासांत संपतो. हा मुलासोबत बसून खेळा, पण खेळून झाल्यावर ‘बघ, असं होतं’ म्हणू नका. तो बघतो. त्याऐवजी सासूबाईंना कॉल लावून सांबारवडीची कृती विचारा आणि वाटाण्याएवढी, चिमूटभर, अंदाजाने ही त्यांची मापं त्याला लिहून घेऊ द्या. त्याच्यासाठी तो पुढचा टप्पाच आहे. फक्त सांबार म्हणजे आपल्याकडे कोथिंबीर, हे आधी सांगा, नाहीतर तमिळ गेमनंतर पोरगा डाळ शिजत लावेल.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये श्रावण अमावस्येच्या सुमारास नागपूरला येणार असाल तर पोळ्याचा दुसरा दिवस साधा. लहान मुलांचा, लाकडी बैलांचा तान्हा पोळा असतो आणि त्याच दिवशी मारबत निघते, म्हणजे गावाची इडा-पिडा घेऊन जाणारा बाईचा पुतळा मिरवत नेऊन जाळतात. काळी मारबत, पिवळी मारबत, मागे सध्याच्या भानगडींवर टोमणे मारणारे पुतळे, म्हणजे बडगे, आणि ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर. भाच्याने इतवारीतल्या एका गॅलरीतून ते बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “हिची बॅकस्टोरी काय?” लोक काळ्या मारबतीचं नातं नागपूरच्या भोसले घराण्यातल्या, इंग्रजांना मिळालेल्या बांकाबाईशी लावतात, ते सांगितलं. तो म्हणाला, तिची बाजू कोणी ऐकली का? झुको बघितलेलं पोरगं, दुसरं काय विचारणार. आबाजी म्हणाले, जाळायच्या आधी कोण ऐकते बे. दोघं बराच वेळ त्यावर बोलत होते, मी चहा करायला गेले.

पहिल्या शनिवारी फार अपेक्षा ठेवू नका. दहा मिनिटं पुरेत, आणि मुलाला गोष्ट मध्येच तोडू द्या. सासऱ्यांना एवढंच सांगा की पात्रांची नावं चुकली तरी चालतील, आमचे आबाजी आयरोला अजून ‘अहिरराव’ म्हणतात.

आमच्याकडे एका शनिवारी भाच्याचा फुटबॉलचा सामना होता, कॉल झाला नाही. रविवारी सकाळी सात वाजता आबाजींचा मला फोन. “त्या पोट्ट्याचा मोठा बाप जेलात होता ना, सुटला का?”

मला माहीत होतं. म्हटलं, मी नाही सांगणार, शनिवारी त्यालाच विचारा.