पाहुण्याला कोणी काम सांगत नाही

“दोन वर्षं झाली. चर्चमधली रविवारची एकही मिस्सा, म्हणजे उपासना, चुकवली नाही. सगळे हसतात, हात मिळवतात. मिस्सा संपली की अंगणात घोळके होतात, आणि मी छत्री उघडून घरी येते. माझ्यातच काही कमी आहे का हो?”

जूनचा पाऊस सुरू होता. गोव्यात, फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसून ताईंनी हे विचारलं. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे, म्हणून इथे त्यांना नुसतं ताईच म्हणते. हाच प्रश्न मला केरळहून आलेल्या नर्सेसनी विचारला आहे, आखातात वीस वर्षं काढून परत आलेल्या गोंयकारांनीही विचारला आहे. ‘देवाच्या घरात मला परकं का वाटतं?’ हे विचारताना माणसं आवाज खाली आणतात, कारण ही तक्रार देवाविरुद्धच होते आहे की काय, अशी त्यांना भीती वाटते.

ताई श्रीरामपूरकडच्या. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला लहानपणापासून चालत गेलेल्या. पेटी, तबला, टाळ आणि मराठी भजनं, हा त्यांचा देवाशी बोलायचा सूर. यजमान कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत काम करतात. मुलगी सातवीत आहे. ती सहा महिन्यांत शाळेत कोंकणी बोलायला शिकली आणि आता आईचे उच्चार सुधारते. यजमानांनी आपला मार्ग काढला होता. रविवारी सुट्टी असली की मोबाईलवर गावाकडची मराठी मिस्सा लावायची. “जिथं कोणी विचारत नाही तिथं कशाला जायचं?” हे त्यांचं म्हणणं. ताईंना ते पटत नव्हतं. मिस्सेत मिळणारी प्रसादाची भाकर तोंडात पडायला हवी, पडद्यावर बघून पोट भरत नाही, असं त्या म्हणाल्या.

आधी मी त्यांची झोप, भूक, रडू, कामातलं लक्ष याबद्दल विचारलं. एकटेपणाच्या तक्रारीमागे कधीकधी नैराश्य असतं. तसं असेल तर मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या समुदायातल्या, माणसांवर बोलत बसण्यात अर्थ नसतो. मग मी बांबोळीच्या मनोचिकित्सा संस्थेत पाठवते, किंवा निदान १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर फोन करायला सांगते. ताईंचं तसं नव्हतं. त्या नीट जेवत होत्या, झोपत होत्या, फक्त रविवारी दुपारी त्यांना उदास वाटायचं.

दुसरी गोष्ट इथली आहे आणि ती लपवून चालत नाही. गोव्यात मराठी म्हटलं की समोरचा हिंदूच असणार, असं बहुतेक जण धरून चालतात. चर्चच्या अंगणात ताई मराठीत बोलल्या की पहिला प्रश्न यायचा, “तुम्ही किरिस्तांव?” म्हणजे ख्रिस्ती का? विचारणाऱ्याच्या मनात काही नसायचं. पण आठवड्यामागून आठवडा तोच प्रश्न आला की माणसाला वाटतं, आपल्याला रोज दाराशी ओळखपत्र दाखवावं लागतंय. मी त्यांना फादर स्टीफन्सबद्दल सांगितलं. १५७९ साली गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू दक्षिण गोव्यातल्या साष्टीत राहिला, लोकांची भाषा त्यांच्याकडूनच शिकला. ख्रिस्ताची कथा त्यानं मराठीत, सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली आणि ते ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं. झुवारी नदीच्या पलीकडे, इथून फार लांब नाही. “म्हणजे माझी भाषा इथं माझ्या आधीच येऊन गेली,” ताई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं. रविवार मात्र होता तसाच राहिला.

मग मी एक चूक केली. ‘पुढाकार घ्या, गायनमंडळात जा,’ असं सांगितलं. माझं घर सावंतवाडीचं. घरात मालवणी. गोव्यात आल्यावर चार दिवसांत माझी कोंकणी चालू झाली. परकेपणाचं हे टोक मला कधी टोचलंच नव्हतं, त्यामुळे सल्ला द्यायला मी फार लवकर तोंड उघडलं. ताई गेल्या. गायनमंडळाच्या प्रमुख बाई प्रेमानं बोलल्या, हातात कोंकणी गीतांचं पुस्तक दिलं. पुस्तक रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत. तिथे ‘श’साठी एक्स हे अक्षर असतं, हे ताईंना कुठून ठाऊक? ‘शांती’ हा ओळखीचा शब्द समोर असून त्यांना तो वाचता आला नाही. “घरी थोडी सवय करा आणि मग या,” असं त्यांना सांगण्यात आलं. वाईट कोणीच वागलं नव्हतं. पण ताई माझ्याकडे आल्या तेव्हा पहिल्या दिवसापेक्षा जास्त मिटलेल्या होत्या. त्यांची मी तेव्हाच माफी मागितली.

त्यानंतर सल्ला थांबवून मी ऐकायला लागले. एक वही करायला सांगितली. रविवारी घरी आल्यावर त्यात काय वाटलं ते लिहायचं नाही, काय घडलं तेवढंच लिहायचं. कोण बोललं, काय बोललं. चार रविवारांनंतर वही उघडली तर पानं कोरी नव्हती. ‘अमक्या आंटी हसल्या. फादरनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. दोघींनी बरं आहे ना विचारलं.’ लोक टाळत होते, असं वहीत कुठेच दिसेना. मग दुखत होतं ते काय?

ते त्यांच्याच तोंडून, दुसरंच काही सांगताना आलं. फोंडा हा देवळांचा तालुका. ताईंचे घरमालक हिंदू. गोव्यात आल्याला तीन महिनेसुद्धा झाले नव्हते तेव्हा चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. आदल्या दिवशी घरमालकीणबाईंनी खालून हाक मारली, “ताई, हात रिकामे आहेत का? नेवऱ्या व्हायच्या आहेत.” नेवऱ्या म्हणजे इथल्या करंज्या. ताई खाली गेल्या. पीठ लाटत, कातण्यानं कडा कापत रात्रीचे अकरा वाजले. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला कुठली रानफळं बांधतात ते त्यांना तिथेच कळलं. ताईंनी घातलेल्या मुरडी बघून घरातल्या सासूबाई म्हणाल्या, अशी मुरड आमच्याकडे कोणाला येत नाही. हे सांगताना ताईंचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. “मला त्या घरात आपलं वाटतं आणि चर्चमध्ये वाटत नाही. हे पाप आहे का?”

पाप नाही, असं मी ठामपणे सांगितलं. शेजाऱ्यानं दिलेलं प्रेम घेण्यात कसलं पाप? पण त्या रात्री नेमकं काय झालं होतं, ते आम्ही दोघींनी पुन्हा पुन्हा बघितलं. तिथे त्यांना कोणी ‘या, बसा’ म्हटलं नव्हतं. काम सांगितलं होतं.

आपल्याकडे पाहुण्याचे लाड होतात. त्याला पाट मिळतो, पहिलं ताट मिळतं, स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाहीत. आणि ज्या दिवशी घरातली बाई विळीवरून मान वर न करता म्हणते, “अगं, तेवढी कोथिंबीर निवड गं,” त्या दिवशी पाहुणेपण संपतं. ताईंच्या मंडळीनं त्यांना दोन वर्षं आदरानं पाटावर बसवून ठेवलं होतं. त्यांची कोथिंबीर निवडायची वेळ कोणी येऊच दिली नव्हती.

शुभवर्तमान या नजरेनं वाचलं की मला दर वेळी थांबावं लागतं. परक्याला आत घ्या, ही शिकवण त्यात जागोजागी आहे. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात तर परक्याला घरात घेणं म्हणजे प्रभूलाच घेणं, इतकं स्पष्ट आहे. पण प्रभू स्वतः माणसांना जवळ कसा करतो? तो मागतो. यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या शोमरोनी लोकांतल्या एका स्त्रीला विहिरीवर तो पहिलं वाक्य बोलतो ते पाणी मागण्याचं. तिला नवल वाटतं की यहूदी माणूस माझ्याकडे मागतो कसा! यरीहोत त्याला बघायला उंबरावर चढलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराला तो माझ्या घरी ये म्हणत नाही, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे म्हणतो. जुन्या करारात एलीया संदेष्टा सारफथ गावच्या विधवेकडे भाकर मागतो, तीही तिच्याकडे मूठभरच पीठ उरलेलं असताना. ज्याच्याकडे कोणी काही मागत नाही, त्याच्याकडे देण्यासारखं काही आहे हे त्याचं त्यालाही विसरायला होतं.

म्हणून मंडळीच्या बैठकीत मला बोलावतात तेव्हा दारात हसून उभं राहणाऱ्यांची संख्या वाढवा, असं मी आता सांगत नाही. नव्या कुटुंबाला अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षरस वेदीकडे न्यायला सांगा. विश्वासूंच्या प्रार्थनेतली एक विनंती त्यांच्या भाषेत म्हणायला सांगा. खुर्च्या उचलायला बोलवायचं आणि निर्णय आपण घ्यायचे, असं मात्र करू नका. स्थलांतरितांच्या वाट्याला नेमकं तेच येतं. त्याला आपलं मानणं म्हणत नाहीत. आपल्याला फुकटचे हात मिळाले, एवढाच त्याचा अर्थ होतो. त्यांना काय येतं ते आधी विचारा आणि तेच मागा.

पण मंडळी माझ्यासमोर नव्हती, ताई होत्या. दुसऱ्यांना बदलायला लावणं माझ्या हातात नव्हतं. त्यांना मी विचारलं, “तुम्ही या दोन वर्षांत तिथल्या कोणाकडे काही मागितलंत?” त्या गप्प. दिलं मात्र बरंच होतं. नाताळला शेजारच्या आंटींकडे करंज्यांचं ताट पाठवलं, तर ते ताट दोदोल आणि बिबिंका या गोव्याच्या गोड पदार्थांनी भरून परत आलं. हिशोब चुकता. दोन्ही घरांनी एकमेकांचं काही देणं ठेवलं नाही, त्यामुळे दार वाजवायचं कारणही उरलं नाही.

“मागायला लाज वाटते,” ताई म्हणाल्या. वाटणारच. परक्या गावात माणूस आपण कोणावर भार नाही हेच सिद्ध करत राहतो. या लाजेवर आम्ही तीन भेटी घालवल्या आणि त्या वाया गेल्या असं मला वाटत नाही. माहेरी मागणाऱ्या बाईला काय बोललं जायचं, घरात मीठ संपलं तरी शेजारी न जाणाऱ्या त्यांच्या आईचा ताठा, यावर बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपल्या दोन वर्षांच्या वागण्यात आईच बोलत होती.

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी त्या गीतांचं पुस्तक घेऊन शेजारच्या आंटींच्या दाराशी गेल्या. “मला हे वाचायला शिकवाल का?” आंटींचं वय ऐंशीच्या पुढचं, मुलं परदेशात, घरात एकट्या. “भितर यो गो बाय,” आत ये गं, त्या म्हणाल्या आणि चष्मा शोधायला गेल्या. त्यांनी नंतर ताईंना सांगितलं, की तुम्ही सुशिक्षित माणसं, तुम्हाला एकांत हवा असेल, उगाच त्रास नको, असं वाड्यावर सगळ्यांना वाटायचं. कितीतरी वर्षांत कोणी काही मागायला त्यांचं दार वाजवलं नव्हतं.

हे ऐकून मला ताईंपेक्षा आंटींचं जास्त वाईट वाटलं, हे कबूल करते. तीन पिढ्या त्याच वाड्यावर काढलेली बाईसुद्धा पाटावर बसवलेलीच होती. म्हाताऱ्या माणसांकडे मागणं आपण किती लवकर बंद करतो.

रोमी लिपी चार महिन्यांत आली. गायनमंडळात ताई अजून गेलेल्या नाहीत, जातील असंही वाटत नाही. त्यांचा आवाज टाळ-पेटीत वाढलेला, चार सुरांतलं कोंकणी गायन त्यांना परकं वाटतं, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. यजमान अजून मोबाईलवरच मिस्सा बघतात. तो त्यांच्या घरातला वेगळा विषय आहे.

मेमध्ये वाड्याच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसापाशी, लादाइन ही सामूहिक प्रार्थना असते. संध्याकाळी फुलं, मेणबत्त्या, व्हायोलिन, थोडं लॅटिन थोडं कोंकणी गाणं, आणि शेवटी उकडलेले चणे. आंटींच्या घराण्याकडे चण्यांचं काम होतं. त्या वर्षी त्यांचे गुडघे चालेनात. त्यांनी ताईंना बोलावलं आणि पाच किलो चण्यांची पिशवी पुढ्यात ठेवली. विचारलंसुद्धा नाही. मीठ किती, खोबरं कधी घालायचं एवढं सांगितलं. ताईंनी त्यात गावाकडच्या सवयीनं थोडा लसूण ठेचून घातला. वाड्यावर त्यावरून दोन तट पडले. “इतकं भांडण झालं माझ्या लसणावरून,” हे त्यांनी मला ज्या आनंदानं सांगितलं, तसं त्या आधी कधी बोलल्या नव्हत्या. लादाइन संपल्यावर आंटींनी त्यांना एक मराठी भजन म्हणायला लावलं. शब्द सगळ्यांना कळले नाहीत, टाळ्यांचा ठेका मात्र सगळ्यांनी धरला.

आमच्या भेटी तिथेच थांबल्या. गेल्या महिन्यात बाजारात भेटल्या तेव्हा घाईत होत्या. वाड्यावर बेळगावहून एक कुटुंब नवीन आलं आहे, जेमतेम सामान. सकाळी त्यांच्याकडे मोठी परात मागायला गेले होते, म्हणाल्या. परात त्यांच्याकडे नव्हती. चार वाट्या होत्या, त्याच घेऊन आले.