मे महिन्यात लहान मुलांना घेऊन रत्नागिरीला जाताना

ताई, धाकटी तीन वर्षांची आहे म्हणालात, म्हणून आधी उन्हाचं सांगते. मे महिन्यात रत्नागिरीत पारा फार चढत नाही, पण दमट हवेनं घाम थांबत नाही आणि मुलं पटकन गळून जातात. सकाळी साडेनऊपर्यंत एक ठिकाण बघा, दुपारी खोलीवर झोप, पाचनंतर भाट्ये किंवा मांडवीचा समुद्रकिनारा. दिवसाला दोनच गोष्टी. आम्ही पहिल्या खेपेला पाच ठरवल्या होत्या, आणि मुलगा संध्याकाळी तापला.

दुपारी बाहेर पडायचंच झालं तर झाडगावचं मत्स्यालय बरं. देवमाशाचा सांगाडा मुलं डोळे विस्फारून बघतात. मोठ्याला थिबा पॅलेसही दाखवा. ब्रह्मदेशाचा राजा थिबा इथे नजरकैदेत होता आणि १९१६ मध्ये इथेच वारला, ही गोष्ट त्याला नक्की आवडेल.

गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या रस्त्यानं जा, समुद्र सोबत असतो. पण गणपतीपुळ्याला मुलांना पाण्यात अजिबात उतरवू नका. किनारा एकदम खोल होतो, लाट पाय ओढते. वाळूत खेळू द्या, तेवढं पुष्कळ.

रेल्वेचं आरक्षण उघडेल त्याच सकाळी करा. स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षा मिळते. जेवणात धाकटीला मऊ भात आणि कमी काट्यांचा पापलेट. आंबे खाण्याआधी तासभर पाण्यात ठेवा. आणि महिनाअखेरीच्या आत परता, जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो.