बोल्ट-ॲक्शन रायफलीत फायरिंग पिनची स्प्रिंग थकल्याने नेम बिघडतो का?

होय, एकही काडतूस फुसके न जाताही लक्ष्यावर पडलेल्या गोळ्यांचा गट उभा पसरू शकतो. फायरिंग पिनचा, म्हणजे स्प्रिंगच्या जोराने पुढे जाणाऱ्या खिळीचा, प्रायमरवरचा (काडतुसाच्या बुडातल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवरचा) ठोका दर वेळी सारखा बसला नाही, तर दारू पेटण्याची सुरुवात बदलून गोळीचा वेग कमी-जास्त होतो; हा फरक 100 मीटरवर जवळजवळ लपतो, 600 मीटरवर मात्र वर-खाली दिसतो. शिवाय ट्रिगर सुटल्यापासून प्रायमर पेटेपर्यंतचा अवधी, जो जुन्या माउझर 98 रायफलीत मुळातच सुमारे 5 मिलिसेकंद असतो, आणखी लांबतो. मात्र स्प्रिंग बदलण्याआधी बोल्टमधले (फायरिंग पिन ज्यात असते त्या, हाताने मागे-पुढे करायच्या दांड्यातले) घट्ट झालेले तेल पुसावे आणि प्रायमर पूर्ण आत बसला आहे का, ते पाहावे. पहिल्या ठोक्याला न उडालेले काडतूस दुसऱ्याला उडाले, तर दोष पुष्कळदा प्रायमर नीट न बसण्यातच असतो. गरजेपेक्षा कडक स्प्रिंगने बोल्ट उचलायला जड जातो आणि ठोक्यासरशी रायफलच हादरते.